फ्लोरेसमधल्या इंग्रजी शिक्षकांच्या कार्यशाळा: गावोगाव दोन दिवस, की एकाच जिल्ह्यात पुन्हा पुन्हा?

दीपमाळ
फ्लोरेस हे इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातलं लांबट, डोंगराळ बेट. पश्चिमेच्या लाबुआन बाजोपासून रुतेंग, बाजावा, एंदे करत पूर्वेच्या माउमेरेपर्यंत एकच मुख्य रस्ता जातो. लाबुआन बाजो ते रुतेंग साधारण १३० किलोमीटर, पण वळणं अशी की चार तास धरूनच चालावं. बाहेरून येऊन इंग्रजी शिक्षकांच्या कार्यशाळा घेणाऱ्यांचा बेत याच रस्त्याने आखला जातो. दोन दिवस रुतेंग, मग बाजावा, मग एंदे, मग माउमेरे. दहा-बारा दिवसांत चार जिल्हे उरकले की दौरा संपला.

माझं म्हणणं, हे बंद करावं. तेवढ्याच पैशात एकच जिल्हा धरावा आणि वर्षात तीनदा तिथेच जावं.

दिवसाचा हिशोब मांडून बघा. निमंत्रणात आठची वेळ असते. राष्ट्रगीत, प्रार्थना, आयोजकांचं प्रास्ताविक, शिक्षण कार्यालयाच्या प्रमुखांचं भाषण, सगळ्यांचा फोटो आणि खोक्यातला नाश्ता होईपर्यंत दहा वाजतात. बारा ते एक जेवण. तीनच्या सुमारास लांबच्या गावचे शिक्षक उठू लागतात, कारण शेवटचा ओतो कोल, म्हणजे बाकडी ठोकलेला प्रवासी ट्रक, चुकला की मुक्कामच. पहिल्या दिवशी हातात चार तास आणि दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून उरलेच तर पाच.

आता ३० शिक्षकांनी प्रत्येकी दहा मिनिटांचा सराव पाठ घ्यायचा आणि त्यावर पाच मिनिटं बोलायचं, तर साडेसात तास लागतात. तीन गट करून एकाच वेळी चालवले तरी अडीच तास, तेही एकाच फेरीचे. पहिल्या फेरीत माणूस फक्त घाबरलेला असतो; सुधारणा दिसते ती दुसऱ्या फेरीत. ती दुसरी फेरी या दौऱ्यांत कधीच होत नाही, आणि माझा सगळा आक्षेप तिच्यापाशीच आहे.

रानवारा
हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

इंडोनेशियात जिल्हे आणि जिल्हादर्जाची शहरं मिळून ५१४ आहेत, एकट्या पूर्व नुसा तेंगारात २२. प्राथमिक शाळेत इंग्रजी २०१३ च्या अभ्यासक्रमात सक्तीचं नव्हतं. आता सरकारने ठरवलंय की २०२७-२८ पासून तिसरीपासून ते सक्तीचं होणार. म्हणजे ज्या वर्गशिक्षकाने कधी इंग्रजी शिकवलंच नाही, त्यालाही ते शिकवावं लागेल. एक जिल्हा धरून वर्षभर बसलात तर बाकीच्या एकवीस ठिकाणच्या शिक्षकांना काय सांगणार, तुमचा नंबर नंतर?

आणि हे शिक्षक किती एकटे असतात ते लक्षात घ्या. डोंगरातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजीचा शिक्षक एकच असतो, बऱ्याचदा मानधनावरचा. पाठ घेताना कुठे अडलं तर विचारायला शेजारी कुणी नाही. त्याला दोन दिवस आपल्यासारखी आणखी तीस माणसं भेटतात, व्हॉट्सॲप गट बनतो, वर्गात लगेच करता येण्यासारखे तीन उपक्रम हातात पडतात. हे कमी नाही.

खडूफळा
दोघांच्याही नजरेतून प्रमाणपत्र सुटलंय.

तिथल्या शिक्षकासाठी प्रशिक्षणाचं मोल तासिकांत मोजलं जातं आणि नेहमी मागितला जातो तो ३२ तासिकांचा दाखला. एक तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे ३२ तासिका चोवीस तास झाल्या. दोन दिवसांत त्या बसतच नाहीत. तरीही दोन दिवसांच्या कार्यशाळेवर ३२ चा आकडा छापला जातो आणि सगळे डोळेझाक करतात. मला हे साफ नापसंत आहे, कारण त्याच आकड्याचा प्रामाणिक उपयोग करता येतो. बारा तासिका समोरासमोर. मग सहा आठवडे शाळेत काम: दोन पाठ घ्यायचे, प्रत्येकाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ, मुलांच्या वह्यांच्या पाच पानांचे फोटो आणि एक पानभर टिपण. त्याच्या बारा तासिका. शेवटी एक दिवस परत जमून उरलेल्या आठ. दाखला त्यानंतरच.

हे काही नवं नाही. १९८० च्या दशकात इंडोनेशियातच पेकागे नावाच्या कार्यक्रमात इंग्रजीचं प्रशिक्षण असंच चालायचं. शिक्षक केंद्रावर शिकून शाळेत परतायचे, प्रशिक्षक त्यांच्या वर्गात जाऊन पाठ बघायचे, मग पुन्हा केंद्र. विषय शिक्षकांची एमजीएमपी मंडळं त्याच परंपरेतली. बाहेरच्या माणसाने हे मंडळ बाजूला ठेवून स्वतःचा वेगळा गट उभा करू नये. अनेक जिल्ह्यांत मंडळासाठी आठवड्यातला एक वार मोकळा ठेवलेला असतो, त्या वारी कार्यशाळा घेतली तर वर्गही रिकामे राहत नाहीत.

रानवारा
सहा आठवड्यांनी परत जमायचं म्हणजे परत कुणीतरी परत यायचं. डिसेंबर ते मार्च त्या रस्त्यावर दरडी कोसळतात. प्रशिक्षक अडकला तर? आणि मानधनावरच्या शिक्षकाने स्वतःच्या खिशातून दुसऱ्यांदा भाडं का भरावं?

माझा मुद्दा साधा आहे. दोन दिवसांत एकच गोष्ट शिकवा, पण ती इतकी पक्की की सोमवारी वर्गात चालली पाहिजे. उदाहरणार्थ पळतं श्रुतलेखन. इयत्ता आठवी, ३२ मुलं, एकही झेरॉक्स नाही. फळ्याइतक्या मोठ्या अक्षरांची गरज नाही. सहा वाक्यांचा, साठेक शब्दांचा, कालच्या सहलीचा उतारा हाताने चार कागदांवर लिहायचा आणि व्हरांड्याच्या भिंतीवर अंतर ठेवून चिकटवायचा. चौघांचा एक गट, असे आठ गट, दोन गटांना एक कागद. एकाने धावत जाऊन वाक्य वाचायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं. दुसऱ्याने लिहायचं. बाकीच्या दोघांनी स्पेलिंग तपासायचं. दर वाक्याला भूमिका बदलायच्या. पंधरा मिनिटं. नंतर सगळ्या क्रियापदांखाली रेघ ओढायची आणि भूतकाळाची रूपं फळ्यावर घ्यायची. इंडोनेशियन भाषेत काळानुसार क्रियापद बदलत नाही, त्यामुळे मुलं ‘वेंट’ ऐकूनही ‘गो’ लिहितात. कुठे चुकतं ते या खेळात शिक्षकाला आणि मुलांना एकदमच दिसतं.

दीपमाळ
उपक्रम उत्तम निवडलात, म्हणून त्याच्यावरच बोलते.

कार्यशाळेत तो चालतो कारण तिथे तीस मोठी माणसं असतात. वर्गात काय होतं? पळणारं मूल वाक्य इंग्रजीत लक्षात ठेवत नाही, अर्थ लक्षात ठेवतं आणि परत येऊन तो इंडोनेशियनमध्ये किंवा मांगाराई या तिथल्या बोलीत सांगतं. लिहिणारा आपल्या मनाने इंग्रजी करतो. खेळ जोरात, इंग्रजी शून्य. उपाय आहे: एका वेळी चार-पाच शब्दांचाच तुकडा, आणि न समजलं तर ‘हाउ डू यू स्पेल इट?’ हे वाक्य आधी पाच मिनिटं घोटून घ्यायचं. पावसात व्हरांडा वापरता येत नाही, मग मुलं अरुंद वर्गात एकाच भिंतीशी दाटी करतात; त्यासाठी कागद चार नाही, आठ लागतात, चारही भिंतींवर. शेजारच्या वर्गाचे गुरुजी गोंगाटाची तक्रार करतात आणि शिक्षक दुसऱ्यांदा तो खेळ घेत नाही.

यातली एकही अडचण कार्यशाळेच्या सभागृहात दिसत नाही. ती तिसऱ्या आठवड्यात दिसते, आणि तेव्हा दौरा माउमेरे सोडून विमानात बसलेला असतो. तिथला अभ्यासक्रम २००४ पासून लेखनप्रकारांभोवती बांधलेला आहे: वर्णन, अनुभवकथन, गोष्ट, कृती. पाठाच्या चार पायऱ्या शिक्षकाला पाठ असतात, विषयाची ओळख, नमुना, सगळ्यांनी मिळून लेखन, मग एकट्याने. तुमचं पळतं श्रुतलेखन दुसऱ्या पायरीत कुठे बसतं हे पाठ टाचणात लिहून दाखवलं नाही, तर ते ‘वेळ उरला तर’ या खात्यात जातं. वेळ कधीच उरत नाही.

सागरमेघ
मधेच थोडं कागदोपत्री, कारण बहुतेक दौरे इथेच फसतात.

प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळा जिल्ह्याच्या अखत्यारीत, वरिष्ठ माध्यमिक आणि व्यवसाय शाळा २०१४ च्या कायद्यानंतर प्रांताकडे, मदरसे धर्म मंत्रालयाकडे. सगळे शिक्षक एकत्र हवे असतील तर पत्रं तीन कार्यालयांना द्यावी लागतात. पत्र गेलं नाही तर मुख्याध्यापक शिक्षकाला कार्यशाळेला पाठवण्याचं पत्र काढत नाहीत, आणि त्याशिवाय आलेला शिक्षक गैरहजर धरला जाऊ शकतो. किमान महिनाभर आधी पाठवा.

तारखा: ऑगस्टचा पहिला पंधरवडा सोडा, १७ ऑगस्टच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, संचलनाच्या तयारीत शाळा बुडालेल्या असतात. डिसेंबरात सत्र परीक्षा. फ्लोरेस कॅथलिकबहुल, त्यामुळे ईस्टरचा आठवडा आणि कुठलाही रविवार नको. मदरशांचे शिक्षक असतील तर शुक्रवारी साडेअकरा ते एक रिकामं ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत बरे.

सामान: छपाईची मांडणी फोलिओ कागदाची करा, २१५ बाय ३३० मिलिमीटर. तिथल्या झेरॉक्सवाल्याकडे बहुधा तोच भरलेला असतो. ए४ वर आखलेली पाठपोट कार्डं त्यावर छापली की पुढची-मागची बाजू जुळत नाही. भारतातली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, गोल दोन पिनांची लागते. प्रोजेक्टरवर विसंबू नका. वीज जाते, आणि सभागृहं इतकी उजेडाची असतात की पडद्यावर काही दिसत नाही. मोठे कोरे कागद, जाड मार्कर, कागदी चिकटपट्टी आणि चार्ज होणारा स्पीकर एवढ्यावर पूर्ण कार्यशाळा उभी राहिली पाहिजे.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: विमानतळावर मिळणारा ३० दिवसांचा, ५ लाख रुपियाचा व्हिसा मानधन घेऊन प्रशिक्षण देण्यासाठी नाही. यजमान संस्थेकडून योग्य प्रकारचा व्हिसा काढून घ्या.

पाटीपेन्सिल
दीपमाळताईंच्या बाजूने, आपल्याकडचा अनुभव आठवून. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. राज्याचे तज्ज्ञ मार्गदर्शक, मग जिल्हा, मग तालुका, अशी उतरंड लावून प्रशिक्षणं दिली जातात आणि खालच्या पायरीला पोहोचेपर्यंत त्यातला सराव गळून नुसती माहिती उरते. टिकण्यासारखं जे आहे ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत: दहा-बारा शाळांचे तेच शिक्षक, तीच तोंडं, दर महिन्याला. तिसरीच्या सक्तीमुळे फ्लोरेसमध्ये नेमकी हीच उतरंड लावायचा मोह होईल. रानवारा म्हणतात ती संख्येची अडचण खरी आहे, पण एकदाच भेटून ती सुटत नाही, फक्त हजेरीपट भरतो.

रानवारा
हजेरीपट भरतो हे मान्य करत नाही. एकदा भेटलेल्या तीस जणांतून चार-पाच जण चमकतात, आणि ते कोण हे जिल्ह्यात गेल्याशिवाय कळत नाही. पुढची सगळी रचना त्या चार-पाच जणांवर उभी राहणार असेल, तर आधी सगळ्या जिल्ह्यांत जायला हवं. एकाच जिल्ह्यावर पैसे लावून तिथलं मंडळच निष्क्रिय निघालं तर वर्ष वाया.

मात्र खडूफळा यांची १२-१२-८ ची मांडणी मला चालेल, एका अटीवर. शेवटचा दिवस बाहेरच्या माणसाने घ्यायचा नाही. तो मंडळातल्या दोन शिक्षकांनी घ्यायचा. पहिल्या दोन दिवसांतल्या सराव पाठांवरून त्यांची निवड तिथेच करायची. त्यांचं भाडं दौऱ्याच्या अंदाजपत्रकात धरायचं, बाकीच्यांचं शाळेला सरकारकडून मिळणाऱ्या ‘बोस’ अनुदानातून निघतं, शिक्षक प्रशिक्षणावर तो खर्च करता येतो.

दीपमाळ
शेवटचा दिवस मंडळाकडे, हे मान्य. पण दोन जणांची निवड पहिल्या दोन दिवसांत करू नका. सभागृहात चमकतो तो बहुतेक वेळा ज्याचं इंग्रजी अस्खलित असतं तो, आणि ३२ मुलांचा वर्ग सांभाळणारा दुसराच कुणी असतो. सहा आठवड्यांचे व्हिडिओ येऊ द्या, वह्यांची पानं बघा, मग नावं ठरवा. व्हिडिओ पाठवताना एक सांगून ठेवा: डोंगरात सिग्नल अपुरा असतो, दहा मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अडकून पडतो. दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे करायला सांगा आणि प्रतिसाद बोलून, ध्वनिसंदेशात द्या. झूमवर बैठक ठेवली तर अर्धे शिक्षक आतच येऊ शकणार नाहीत.

खडूफळा
व्हिडिओत कॅमेरा शिक्षकावर नको, मुलांवर हवा. आणि कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटनाला पाऊण तासच लिहा, शिक्षण कार्यालयाच्या प्रमुखांना आधी भेटून तेवढंच मागा. वाचलेल्या सव्वा तासात तिन्ही गट एकाच वेळी चालवले तर प्रत्येक गटात पाच जणांचा दुसरा सराव पाठ त्याच दिवशी होतो.