आज्याची दुनळी किती जुनी असंल?

कोरेगावकर: आज्याची बाराबोर दुनळी बंदूक वडलांच्या लायसनवर हाय, काल साफ करायला नळ्या उतरवल्या तर खाली मुकुटाचा शिक्का अन् 'नॉट फॉर बॉल' कोरलेलं, कंपनीचं नाव पार झिजलंय. पेटीत एक लाकडी शिट्टी पण घावली, फुंकली की बदकागत आवाज!

मिरजेचा पाव्हणा: भारीच की! इंग्लंडच्या प्रूफ हाऊसवाले (बंदुका तपासून शिक्का मारणारे) चोक नळीवर, म्हंजे तोंडाशी जरा निमुळत्या नळीवर, तसं १८७५ ते १८८७ मारायचे, म्हणजे छर्रा चालंल, गोळी नाय. नळीवर पाण्याच्या लाटंगत नक्षी हाय का? असंल तर दमास्कस, म्हंजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी, फुटंल; आजचं काडतूस चुकूनसुद्धा भरू नको.

कोरेगावकर: हाय की ओ! आजी सांगायची, आजा मायणीच्या तळ्यावर जायचा बदकं मारायला.

कराडकर: शिट्टी जोरात फुंकू नको, आतली पत्ती मोडती. शिकार तर १९७२ च्या कायद्यानं गेलीच, आता मायणीला पक्षी बघायला दुर्बीण घिऊन जा.