अनुभव धागा: गणित शिकायला परदेशी गेलात आणि शिकवण्यातच अडकलात?

रेघोट्या
भाचा या ऑगस्टला पीएचडीला अमेरिकेत चाललाय. काल फोनवर विचारत होता, "मावशी, टीएशिप (टीचिंग असिस्टंटशिप) म्हणजे काय असतं गं? पेपरच तपासायचे ना?" फोन ठेवला आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

मी २००६ मध्ये मिडवेस्टात गेले ती शुद्ध गणितात पीएचडी करायला. फी माफ, हातात स्टायपेंड, बदल्यात आठवड्याला २० तास काम (एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना त्याहून जास्त चालतही नाही). त्या २० तासांत कॉलेज अल्जिब्राचा आख्खा वर्ग गळ्यात पडला. म्हणजे आपलं नववी-दहावीचं गणित, समोर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं.

ऑफिस अवरला (मुलं शंका विचारायला येतात ती वेळ) एक मुलगी आली. वहीत १/२ + १/३ = २/५. मी छेद सारखे करायचं सांगणार तेवढ्यात म्हणते, पहिल्या क्विझमध्ये दोनपैकी एक बरोबर, दुसरीत तीनपैकी एक, मिळून पाचपैकी दोन. मग चुकलं कुठे? घ्या! तिचा हिशोब बरोबरच होता की. फक्त ती अपूर्णांकांची बेरीज नव्हती, दोन्हीकडचा 'पूर्ण' वेगळा. लसावि काढून दाखवला, तिने मान डोलावली, पण पटलेलं नाही हे स्वच्छ दिसत होतं.

तेव्हापासून शेजारच्या इमारतीतल्या गणितशिक्षणाच्या सेमिनारला जाऊन बसायला लागले. क्वालिफायर (पीएचडीतली पात्रता परीक्षा) देऊन झाल्यावर गाइड बदलले आणि प्रबंध त्यातच केला. आता प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्यांना गणित शिकवते. बाबा एवढंच म्हणाले, "शिक्षिकाच व्हायचं होतं तर डी.एड. काय वाईट होतं?"

लिहा तुमचंही. टीए, शाळा, परत आलेले, सगळे चालतील.

कोथिंबीर
डी.एड. =)) आमच्याकडे "एवढं शिकून पोरांचे पाढे घेणार का" असं होतं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

दापोलीकर
रँग्लर परांजप्यांना कसे विसरता? मुर्डीचा मुलगा, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला (मान दोघांत विभागून होता), आणि परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, प्राचार्य झाले. या वाटेचे आद्यपुरुष तेच.

मंद_वारा
काका, अनुभव लिहायचेत, इतिहास नाही :) बाकी मुर्डी म्हणजे आंजर्ल्याजवळची ना? दिवाळीत कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो.

दापोलीकर
लागूनच. पुढच्या वेळी कळवून या, सोलकढी आमच्याकडे.

कंचेभागुबेव
माझा आयडी बघा आणि काय ते समजा. तिकडे त्याच्या जागी पेमडास (कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी यांची इंग्रजी आद्याक्षरं). त्यात गुणाकाराचं अक्षर आधी, म्हणून ८ ÷ ४ × २ चं उत्तर अर्धा वर्ग १ काढायचा. मी ऐटीत होतो की आपल्या सूत्रात भागाकार आधी, आपली मुलं बरोबर ४ च काढतात. सुट्टीत घरी आलो तर पुतण्याने १० - ३ + २ = ५ लिहिलेलं! म्हणे, बेरीज आधी, वजाबाकी नंतर, काका तुमच्याच आयडीत आहे. डावीकडून उजवीकडे जायचं हे दोन्ही देशांत कुणी सांगत नाही.

बाकी सेमिस्टरअखेरच्या फीडबॅकमध्ये "अ‍ॅक्सेंट कळत नाही" हे ठरलेलंच. झेडला झी म्हणायला लागलो, तरी तेच.

डॅलसची_दुपार
अगदी अगदी! माझी वाट शाळेची. गणितात एमएस, ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची मुभा) हायस्कूलला लागले, विषय स्टेम म्हणजे विज्ञान-गणितातला म्हणून २४ महिने वाढवून मिळाले. शाळेने एच-१ साठी (नोकरीचा व्हिसा, तो लॉटरीने मिळतो) अर्जही केला. पण विद्यापीठं लॉटरीतून सुटतात, सरकारी शाळा सहसा सुटत नाहीत, हे शिकताना कुणी सांगितलंच नव्हतं. लॉटरी नाही लागली. मुलांना निरोप द्यायला गेले तर डोळ्यांतलं पाणी थांबेना, जाऊ दे ते.

मग कम्युनिटी कॉलेज. तिथे लॉटरी नाही, आणि आता मला तेच आवडतं. संध्याकाळच्या वर्गात माझ्याहून मोठी माणसं असतात. स्लोप (रेषेचा चढ-उतार) शिकवताना एक ट्रकवाले गृहस्थ म्हणाले, घाटातल्या पाटीवर ६% लिहितात ते हेच का? शंभर फूट पुढे, सहा फूट खाली. मग भरलेला ट्रक उतारावर कोणत्या गिअरमध्ये घ्यायचा, यावर त्यांनीच वर्ग घेतला.

(नियम माझ्या वेळचे. भाच्याला इंटरनॅशनल ऑफिसला विचारू दे.)

मंद_वारा
ट्रकवाले काका भारी!

शेवंती
मी परदेशात गेलेच नाही, चालेल ना? मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही गणितशिक्षणात पीएचडी होते (टीआयएफआरचं ते). हार्बर लाइनने यायचं-जायचं, व्हिसाची कटकट नाही.

तिथेच लिपिंग मा या गणितशिक्षणाच्या अभ्यासकाचं पुस्तक वाचलं. शांघायची मुलगी, सांस्कृतिक क्रांतीत खेड्यात पाठवलेली, तिथे शाळेत शिकवलं, पुढे अमेरिकेत जाऊन स्टॅनफर्डची पीएचडी. तिच्या १९९९ च्या पुस्तकात शिक्षकांना एक प्रश्न आहे: पावणेदोन भागिले अर्धा सोडवा आणि त्यावर गोष्ट रचा. ७२ च्या ७२ चिनी शिक्षकांचं उत्तर बरोबर. २३ अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांनाही पूर्ण जमलं नाही, आणि गोष्टीत तर बहुतेक सगळे गडगडले. करून बघा.

मंद_वारा
सोप्पंय. पावणेदोन भाकऱ्या दोघांत निम्म्या निम्म्या.

रेघोट्या
ते झालं भागिले दोन :) माझे विद्यार्थी नेमकी हीच गोष्ट सांगतात, फक्त भाकरीच्या जागी पिझ्झा.

कोथिंबीर
आले. पावणेदोन किलो साखर, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायच्या. साडेतीन.

डॅलसची_दुपार
आता माझा वर्ग म्हणणार सवातीन. तीन पुड्या झाल्या, उरली पाव किलो. सांगा त्यांना, साडेतीन का ते?

कोथिंबीर
पाव किलो म्हणजे अर्धी पुडी. आपण पुड्या मोजतोय की साखर? आमचं किराणा दुकान होतं हो, पीएचडी नाही लागली.

शेवंती
कोथिंबीर, मानखुर्दला ये बघू :)

रेघोट्या
हे मी वर्गात वापरणार, नाव न सांगता.

आता भाच्याचं. बऱ्याच ठिकाणी टीएची बोलण्याची चाचणी असते, फळ्यापुढे उभं राहून काहीतरी समजावून सांगायचं. सोपा विषय घे म्हटलं, तर "अपूर्णांक घेऊ का?" म्हणतो. काय बोलणार! ताईला मात्र चिंता एकच, कुकर तीन लिटरचा द्यावा की पाचचा.

मंद_वारा
तीन पुरे. रिंग आणि व्हॉल्व्ह जास्तीचे द्या, तिकडे आपल्या मापाचे सहज मिळतीलच असं नाही.