मदत हवी आहे: डीटीएस डिस्कला मागचे स्पीकर गप्प

माझ्या जुन्या होम थिएटरला एचडीएमआय नाही, म्हणून ब्लू-रे प्लेअर ऑप्टिकल केबलने जोडलाय. डॉल्बी डिजिटलची डिस्क मस्त ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) वाजते. डीटीएस-एचडी ट्रॅकवाली (डीटीएस म्हणजे डॉल्बीसारखाच सराउंड आवाजाचा दुसरा प्रकार, एचडी ही त्याची वरची आवृत्ती) लावली की मात्र पुढचे दोनच स्पीकर वाजतात. ऑप्टिकलमधून डीटीएस-एचडी जात नाही हे ठाऊक आहे, पण त्यातला साधा डीटीएस तरी ५.१ मध्ये जायला हवा ना?

प्लेअरच्या सेटिंगमध्ये डीटीएस ‘पीसीएम’वर (प्लेअरच आवाज उलगडून पाठवतो) होतं. ‘बिटस्ट्रीम’ (न उलगडता तसाच पाठवतो) केलं तर तेही दोन स्पीकर बंद! म्हणजे होम थिएटरमध्ये डीटीएस उलगडणारा डीकोडरच नसावा का? खोक्यावर फक्त डॉल्बीचं चिन्ह आहे (मॅन्युअल केव्हाच रद्दीत गेलं). प्लेअरकडूनच डीटीएसचं डॉल्बी डिजिटल करून घेता येतं का? कुणी केलंय का असं? नवा रिसीव्हर घ्यायचा नाहीये.