आपले वेतन आपणच ठरवायचे का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-५०२ : सर्वांना नमस्कार. मागच्या खेपेस हा विषय वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दबून गेला, म्हणून पुन्हा मांडतो आहे. खासदारांचे मासिक वेतन १ लाखावरून १ लाख २४ हजार रुपये झाल्याची अधिसूचना मार्च २०२५ मध्ये निघाली आणि वाढ लागू झाली ती १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे मागे जाऊन. रक्कम किती, हा माझा मुद्दा नाही. ती ठरवतो कोण आणि लागू केव्हा होते, हा माझा मुद्दा आहे.

ए-१०१ : काका, या वेळी कोणीही हात वर करून वाढ घेतलेली नाही. दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार वेतन आपोआप वाढावे, अशी तरतूद २०१८ च्या वित्त कायद्यातच झाली आहे. मतदानच झाले नाही, तर आक्षेप कशावर?

बी-५०२ : ती तरतूद केली कोणी? राज्यघटनेच्या कलम १०६ प्रमाणे खासदारांचे वेतन संसद कायद्याने ठरवते आणि कलम १९५ प्रमाणे आमदारांचे वेतन विधिमंडळ ठरवते. निर्देशांक जोडताना त्याच कायद्याने मूळ वेतन ५० हजारांवरून १ लाख केले होते, हे आपल्या संदेशात आलेले नाही. शिवाय दर वेळी मतदान होत नसल्यामुळे सभागृहात कोणाला बाजूही घ्यावी लागत नाही आणि आपल्याला जाब विचारायला नाव उरत नाही.

सी-२०३ : आपल्या ग्रुपवर लोकप्रतिनिधींच्या वेतनाचा विषय निघाला की त्यांनी विनावेतन काम करावे असाच सूर लागतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्रिटनमध्ये चार्टिस्ट चळवळीने १८३८ मध्ये खासदारांना वेतन द्यावे ही मागणी केली ती कामगारांसाठी, कारण पोट भरण्यासाठी रोज कामावर जाणाऱ्या माणसाला पार्लमेंटमध्ये बसणे परवडतच नव्हते. तेथे वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू व्हायला १९११ साल उजाडले. वेतन काढून घ्या, म्हणजे सभागृहात केवळ धनिकच उरतील.

बी-५०२ : रक्कम किती, हा माझा मुद्दा नाही. ती ठरवतो कोण आणि लागू केव्हा होते, हा माझा मुद्दा आहे.

सी-२०३ : काका, आपला संदेश मी वाचला होता. तोच पुन्हा पाठवल्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

ए-३०४ : स्वतःचे स्वतः ठरवण्याचाच विषय आहे, तर समितीच्या मानधनाचे काय झाले तेही सांगावे.

सचिव : मॅडम, हा टोमणा मला उद्देशून आहे हे कळते. मानधन समितीने नव्हे, सर्वसाधारण सभेने मंजूर केले. त्या ठरावावर समितीच्या एकाही सदस्याने मत दिलेले नाही. इतिवृत्त कार्यालयात आहे, कृपया येऊन वाचावे.

बी-५०२ : सचिवसाहेब, आपण रागावू नये, कारण आपले उत्तर माझ्याच बाजूचे आहे. ज्यांच्या खिशातून पैसे जातात त्यांनी ठरवले आणि ज्यांना मिळणार होते ते मतदानापासून दूर राहिले. खासदारांकडून मी याहून अधिक काही मागत नाही.

ए-४०२ : (व्यंगचित्र)

सचिव : नेत्यांवरील चित्रे कृपया येथे पाठवू नयेत. गेल्या निवडणुकीच्या वेळी यावरून दोन सभासद ग्रुप सोडून गेले होते.

डी-६०१ : उपायाविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. ब्रिटनमध्ये खर्चाच्या घोटाळ्यानंतर २००९ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि २०११ पासून खासदारांचे वेतनही तेच ठरवते. २०१५ मध्ये त्याने वेतन ६७,०६० पौंडांवरून ७४,००० पौंडांवर नेले, तेही पंतप्रधान कॅमेरून यांचा विरोध असताना. वाढ मोठी होती, परंतु खासदारांनी स्वतःला दिली असे कोणी म्हणू शकले नाही. अमेरिकेचा मार्ग वेगळा आहे : वेतनात बदल करणारा कायदा मधे एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. ही घटनादुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि मंजूर झाली १९९२ मध्ये.

ए-१०१ : मॅडम, त्याच अमेरिकेत मतदार नाराज होतील या भीतीने काँग्रेसच्या सदस्यांचे वेतन २००९ पासून १ लाख ७४ हजार डॉलरवर गोठले आहे. आणि आपल्या खासदारांनी २०२० मध्ये महासाथीच्या काळात वर्षभर ३० टक्के कपात स्वीकारली, हेही न्यायाने नोंदवायला हवे.

बी-५०२ : नोंदवू या. कपात स्वीकारली याबद्दल आदर आहे, पण तीही त्यांनीच ठरवली होती. मला सर्वांत जास्त खटकते ती मागील तारीख. १८७३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने स्वतःची वाढ अशीच पूर्वलक्षी केली, तेव्हा लोक इतके संतापले की पुढच्याच वर्षी तिला तो कायदा मागे घ्यावा लागला. आपल्याकडे दोन वर्षांची थकबाकी निघते आणि त्यावर घरोघरी चर्चाही होत नाही. रक्कम किती, हा माझा मुद्दा नाही...

सी-२०३ : काका, पुढचे वाक्य आम्हा सर्वांना पाठ झाले आहे.

डी-६०१ : मग आपल्या खासदारांना आणि आमदारांना एक पत्र लिहू या. मागण्या दोनच असाव्यात : वेतन स्वतंत्र आयोगाने ठरवावे आणि वाढ पुढील निवडणुकीनंतर लागू व्हावी.

ए-१०१ : दुसऱ्या मागणीवर मी सही करीन, पहिलीवर नाही. आयोगातील माणसे नेमणार तर सत्तेतलेच लोक.

सी-२०३ : लोकप्रतिनिधींना सन्मानाने जगता येईल इतके वेतन मिळालेच पाहिजे, हे वाक्य पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात असेल तर माझीही सही घ्यावी.

बी-५०२ : ते वाक्य मी स्वतः लिहितो. आमदारांच्या पत्रात आणखी एक ओळ घालू या : ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाने आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर केले, तसे पुन्हा होऊ नये आणि अशा विधेयकावर प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदवले जावे.

ए-१०१ : नावानिशी मतदानाच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आयोगाची मागणी वेगळ्या कागदावर घ्यावी, म्हणजे ज्यांना मान्य आहे ते त्यावर सही करतील.

सचिव : दोन्ही मसुदे रविवारी कार्यालयात ठेवतो. ए-३०४ मॅडम इतिवृत्त पाहायला येणार असतील तर तेही काढून ठेवीन.