मदत हवी आहे: सामोआतल्या 2012 च्या नोंदी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) +14 च्या की -11 च्या?

सामोआची राजधानी एपियाच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत, दर 10 मिनिटांना एक. वेळ स्थानिक, ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) लिहिलेला नाही. सामोआने 30 डिसेंबर 2011 हा दिवस वगळला. उन्हाळी वेळ (घड्याळ एक तास पुढे) धरून तिथली वेळ यूटीसी -10 वरून +14 झाली. माझ्या फाइलमध्ये मात्र त्या तारखेच्या पूर्ण 144 नोंदी आहेत, म्हणजे यंत्राचं घड्याळ जुन्याच वेळेवर राहिलं. पायथनचं झोनइन्फो (देशोदेशीच्या वेळा हाताळणारं मॉड्यूल) अशा नसलेल्या दिवसावर चूक दाखवत नाही, मुकाट्याने आकडा देतं. जानेवारीपर्यंत 24 तासांची उडी कुठे दिसत नाही. फेब्रुवारी गहाळ, पुढची फाइल 1 ते 20 मार्चची.

मार्चची फाइल भरतीच्या भाकिताशी ताडून पाहिली. -10 नक्की नाही. पण +14 आणि उन्हाळी वेळ न लावलेलं -11 यांत 25 तासांचं अंतर, आणि भरतीचं चक्र सुमारे 24 तास 50 मिनिटांचं. उरतात जेमतेम 10 मिनिटं! यंत्र बंद झालंय, हवेचा दाब किंवा तापमान नोंदलेलं नाही. फक्त पाण्याच्या उंचीवरून हे दोन पर्याय खात्रीने वेगळे कसे करायचे?