मदत हवी आहे: 'द अमेरिकन्स'चा शेवट (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी वाचू नका)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत साधं जोडपं म्हणून राहणाऱ्या सोव्हिएत हेरांवरच्या 'द अमेरिकन्स' या मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग (२०१८) काल पाहिला आणि झोप उडाली. पार्किंगमध्ये एफबीआयचा (अमेरिकन तपास संस्थेचा) स्टॅन पिस्तूल रोखून उभा आहे आणि त्याचा शेजारी-मित्र, हेर फिलिप त्याला एकेक खरं सांगत जातो, तो प्रसंग तर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन प्रश्न मात्र सुटत नाहीत.

पहिला पेजचा, म्हणजे फिलिप आणि एलिझाबेथ या हेर जोडप्याच्या मुलीचा. सीमेवर पासपोर्ट तपासणी सुरू असताना ती आईबापांना न सांगता ट्रेनमधून उतरते आणि एलिझाबेथला ती खिडकीतून फलाटावर उभी दिसते. मागे राहिलेल्या भावासाठी, हेन्रीसाठी उतरली असं म्हणावं, तर नंतर ती क्लॉडियाच्या (आईबापांच्या हेरखात्यातल्या वरिष्ठ बाईच्या) रिकाम्या घरात एकटीच व्होडका पिताना का दाखवली? आणि कायद्याने तिचं काय होईल? २०१० साली अमेरिकेत असेच दहा रशियन हेर पकडले होते. त्यातल्या एका जोडप्याच्या कॅनडात जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम ठेवलं. पण पेजने स्वतः आईसोबत हेरगिरीची कामं केलेली आहेत. कोणी वकील असाल तर जरूर सांगा.

दुसरं, स्टॅनची बायको रेने. तीही हेर असावी असा नुसता संशय फिलिप स्टॅनला सांगून जातो. आधीच्या भागांत कुठे ठोस धागा आहे का? सीझन आणि प्रसंग सांगितलात तर पुन्हा पाहीन. स्टॅनसाठी फार जीव तुटतो हो.