डोंगरउतारावरचा नवा गोल्फ कोर्स : अवघड की सदोष?

उतारावरचा
डोंगरी कोर्स नव्याने खुला झाला की पहिल्या महिन्यात ओरड ठरलेली: "स्लोप 140! माणसांसाठी बांधलाय की शेळ्यांसाठी?" आधी हा घोळ निस्तरू. स्लोप रेटिंग जमिनीचा उतार मोजत नाही. बोगी खेळाडू (साधारण हौशी) आणि स्क्रॅच खेळाडू (शून्य हँडिकॅपचा, पट्टीचा) यांच्या अपेक्षित स्कोअरमधला फरक, गुणिले 5.381 (पुरुषांसाठी), एवढाच तो आकडा. कोर्स रेटिंग (स्क्रॅचचा अपेक्षित स्कोअर) 73.5 आणि बोगी रेटिंग (बोगीवाल्याचा) 99.5 असेल तर फरक 26, म्हणून 140. सपाट जमिनीवर जागोजागी तळी असली तरी एवढा येऊ शकतो. पार (कोर्सचे ठरलेले फटके) 72 धरला तर 18 हँडिकॅप इंडेक्सवाल्याला तिथे 18 × 140 ÷ 113 (प्रमाण स्लोप) अधिक 1.5 (73.5 उणे 72), म्हणजे 24 फटके सवलत मिळते. हे जादा सहा फटके न धरता कोर्सला नावं ठेवणं चूक. अवघड असणं हा दोष नव्हे. चुकीच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळून मत देणं मात्र दोष आहे.

परतटी
हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. हँडिकॅपमुळे फटके मिळतात, हरवलेले चेंडू नाही.

रेटिंग करताना बोगी खेळाडूचा टी-शॉट 200 यार्ड धरतात, त्यातले शेवटचे वीसेक यार्ड नुसते घरंगळण्याचे. टीसमोर 190 यार्डांची घळ असली आणि बाजूने वाट नसली तर तो ते भोक (टीपासून झेंड्यापर्यंतचा टप्पा) खेळूच शकत नाही, दर वेळी दंड भरतो. आणि आडवा उतार? फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) 40 यार्ड रुंद असला तरी डावीकडून उजवीकडे जोराचा कल असेल, गवत बारीक आणि जमीन कडक असेल, तर चेंडू थांबण्याजोगी पट्टी दहा-बारा यार्डच उरते. मधोमध मारलेला आणि वाकडा मारलेला, दोन्ही चेंडू शेवटी खालच्याच कडेला. सगळ्यांचे डिव्हॉटही (फटक्याने उखडलेले गवताचे खळगे) तिथेच, पावसाचं पाणीही तिथेच. चांगल्या-वाईट फटक्यात फरकच न करणाऱ्या भोकाला अवघड नाही, बिनडोक म्हणतात.

उतारावरचा
@परतटी, घळीचं पटलं. आडव्या उताराचं अर्धंच. फटका वरच्या कडेला टाकून चेंडू खाली येऊ द्यायचा, हाच तिथला खेळ. माउईवरचा कापालुआचा प्लांटेशन कोर्स डोंगरउतारावरच आहे. तिथे फेअरवे प्रचंड रुंद ठेवलेत, म्हणून उतार शत्रू न होता साथ देतो. तेव्हा भांडण उताराशी नाही, रुंदीशी असायला हवं.

शिवाय अर्ध्या तक्रारी लाय (चेंडू पडलाय ती जमिनीची स्थिती) न वाचल्याच्या असतात. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी चेंडू पायांपेक्षा वर असला की तो डावीकडे जातो, एवढं सगळ्यांना पाठ. पण लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) जितका जास्त तितका हा परिणाम जास्त, हे विसरतात. पाच अंशांच्या उतारावर क्लबचा तळ जमिनीला लावून ठेवला तर 56 अंश लॉफ्टच्या वेजचा (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) रोख सुमारे सात अंश डावीकडे जातो. 100 यार्डांवर ते बारा-तेरा यार्ड! सात नंबर आयर्नचा तीनच अंश. म्हणून तिथे वेजने ग्रीनच्या (झेंड्याभोवतीची बारीक गवताची जागा) उजव्या काठाच्याही बाहेर रोख धरावा, किंवा कमी लॉफ्टचा क्लब आखूड धरून अर्धा स्विंग घ्यावा. चढाच्या लायवर खांदे उताराला समांतर आणि एक क्लब जास्त लांबचा. उताराच्या लायवर चेंडू थोडा मागच्या पायाकडे. तो खालून उचलायला गेलात की टॉप (फटका चेंडूच्या माथ्यावर) झालाच.

परतटी
आणि उंचावरच्या ग्रीनचं काय? "चढाच्या यार्डाला अंतराचा यार्ड मिळवा" हे सूत्र 45 अंशांनी उतरणाऱ्या चेंडूपुरतं खरं. लांब क्लबचा चेंडू 38 अंशांनी उतरत असेल तर 15 यार्ड चढाला साधारण 19 यार्ड मिळवावे लागतात, आणि चपटा आल्यामुळे तो पुढे पळतोही. म्हणजे ज्याच्या हातात आधीच लांब क्लब, त्यालाच दुहेरी मार.

गवतवाला
दोघांनी ग्रीनचा पृष्ठभाग सोडून दिला. नवी ग्रीन कडक असणारच. सुमारे 30 सेंमी वाळूचा थर, खाली 10 सेंमी खडी, आणि वर मुळा-काडीची गादी अजून तयार नाही. चांगला मारलेला चेंडूही टप्पा घेऊन मागे जातो. हा नवेपणा आहे, दोन-तीन हंगामांत बराच जातो. त्यावरून आराखड्याला शिव्या देऊ नयेत.

उतार मात्र जात नाही. झेंड्याच्या आसपास 3 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1.7 अंश, ठीक. 4 टक्क्यांना स्टिंपमीटरवर (ग्रीनचा वेग मोजायचं साधन) 9 फूट असेल तर पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) करता येतो. हौसेने 11 केलं की खालच्या दिशेचा चेंडू थांबता थांबत नाही. डोंगरी कोर्सवर ग्रीनचा वेग मिरवू नये.

दुसरं, कडा. खालच्या बाजूला फेअरवे आणि दरड यांच्यामध्ये तीन-चार मीटर रफची (उंच गवताची) पट्टी, पाचेक सेंमी उंच, राखली की बरेच चेंडू तिथेच अडतात. फेअरवेची कापणी थेट कड्यापर्यंत नेणारे आधी कापणीयंत्र आवरोत, मग आराखड्यावर बोलू.

उतारावरचा
पट्टीला +1. त्यापुढची दरड लाल खुंट्यांनी पेनल्टी एरिया (दंड भरून बाहेर यायची हद्द) करा. 2019 पासून त्यासाठी पाणी असावं लागत नाही. एक फटका दंड, दोन क्लबलांबीत ड्रॉप (चेंडू हाताने टाकणं), पुढे चला.

परतटी
कागदावर छान. पण चेंडू लाल हद्दीतच गेला हे माहीत असावं किंवा जवळपास निश्चित असावं लागतं. टेकाडाआड पडलेला कोणी पाहिलाच नाही तर तीन मिनिटं शोधा आणि टीवर परत, प्रोव्हिजनल (हरवलाच तर म्हणून आधीच मारलेला दुसरा चेंडू) मारला असेल तरच पायपीट वाचते. खालच्या बाजूला ड्रॉपही टिकत नाही. गुडघ्याच्या उंचीवरून दोनदा टाका, दोन्हीदा ठरल्या जागेबाहेर घरंगळला तर दुसऱ्यांदा टेकला तिथे ठेवा. तिथेही दोन प्रयत्नांत थांबला नाही, तर झेंड्याजवळ न जाता जिथे थांबेल ती सगळ्यात जवळची जागा शोधा. मागचे चौघे तोवर टीवर उभे. आंधळ्या भोकावर निदान माथ्यावर रोखाचा खांब आणि पुढे गेलेल्यांनी वाजवायची घंटा तरी लावा. तेवढंही नसलेला कोर्स मी सदोषच म्हणणार, मग स्लोप 140 असो की 113.